घरे पाडून माणसे मोडतात का?

३० मार्च १९४२ रोजी लंडनमध्ये पंतप्रधान चर्चिल यांच्यापुढे एक छोटे टिपण ठेवले गेले. ते लिहिले होते त्यांचे विज्ञान सल्लागार फ्रेडरिक लिंडमन, म्हणजे लॉर्ड चेरवेल यांनी. टिपणात सगळा हिशेब होता. एक बॉम्बफेकी विमान पडण्यापूर्वी सरासरी १४ फेऱ्या करते. तेवढ्या फेऱ्यांत ते सुमारे ४० टन बॉम्ब टाकते. हे बॉम्ब दाट वस्तीवर पडले, तर चार ते आठ हजार माणसे बेघर होतात. जर्मनीत लाखाच्या वर वस्तीची ५८ शहरे आहेत. दहा हजार विमाने बांधून त्यांचे निम्मे बॉम्ब जरी या शहरांवर पडले, तरी जर्मनीची एक तृतीयांश लोकसंख्या उघड्यावर येईल. आणि डोक्यावरचे छप्पर गेले की लोकांची लढण्याची उमेद जाईल, असा लिंडमन यांचा निष्कर्ष होता.

त्याच सुमारास मुंबईतली असंख्य कुटुंबे वळकट्या बांधून गावी निघाली होती. कोणी बोटीने रत्नागिरीकडे, कोणी काठेवाडात, कोणी बोरघाट चढून देशावर. शहरावर एकही बॉम्ब पडलेला नव्हता. घाटावर येणाऱ्या गाड्या देहूरोड, चिंचवड आणि खडकी ओलांडून पुण्याला पोचत. याच लोहमार्गाला लागून दारूगोळ्याचे कारखाने आणि कोठारे होती. एकीकडे घरे पाडून माणसांची हिंमत मोडण्याचा हिशेब चालला होता आणि दुसरीकडे घरे जागच्या जागी शाबूत असताना माणसे शहर सोडत होती. हवाई बॉम्बफेक आणि नागरिकांचे मनोधैर्य यांवर जगभर झालेल्या वादाचे मर्म या विसंगतीत आहे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्याने हा वाद जवळून सोसला आहे आणि आज पिंपरी-चिंचवड, चाकणच्या रहिवाशांनाही तो समजून घ्यावा लागणार आहे.

आधी सरहद्द, मग शहरे

आकाशातून शहर बडवले की राष्ट्र शरण येते, हा सिद्धांत पहिल्या महायुद्धातून जन्मला. इटलीचा सेनाधिकारी जुलिओ दूए याने १९२१ साली तो पुस्तकरूपाने मांडला. पुढच्या युद्धात सैनिक आणि नागरिक असा भेद उरणार नाही, खंदकातल्या फौजेपेक्षा शहरातल्या माणसाचा धीर लवकर सुटेल आणि लोकच सरकारला युद्ध थांबवायला भाग पाडतील, असे त्याचे म्हणणे. ब्रिटनच्या हवाई दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांचा तर दावा होता की बॉम्बचा मनावर होणारा परिणाम हा इमारतींवर होणाऱ्या परिणामाच्या वीसपट असतो. हा आकडा कोणी मोजून काढलेला नव्हता, तरी त्याच्यावर धोरणे उभी राहिली.

या कल्पनेचा सराव युरोपात होण्याआधी इराकमध्ये आणि आपल्या वायव्य सरहद्दीवर झाला. १९२५च्या मार्च ते मे या महिन्यांत ब्रिटिश विमानांनी दक्षिण वझिरिस्तानातल्या टोळ्यांविरुद्ध पायदळाच्या मदतीवाचून मोहीम चालवली. पुढे जर्मन शहरांवरच्या हल्ल्यांचे नेतृत्व करणारा आर्थर हॅरिस १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला याच सरहद्दीवर विमानांची तुकडी सांभाळत होता आणि तिथून इराकमध्ये गेला. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बॉम्बफेकीवर बंदी घालण्याची चर्चा निघाली, तेव्हा दूरच्या प्रदेशांत ‘बंदोबस्तासाठी’ बॉम्ब वापरण्याची मुभा हवी असा आग्रह ब्रिटनने धरला. जो उपाय टोळ्यांच्या खेड्यांवर चालवायचा होता, तो आपल्यावर कोणी चालवू नये अशी ही अपेक्षा होती. ती काही वर्षांतच फोल ठरली.

बॉम्बखालच्या शहरांची पहिली खबर आपल्याकडे सरकारी अहवालांतून आली नाही, ती माणसांकरवी आली. जून १९३८मध्ये जवाहरलाल नेहरू बार्सिलोनाला गेले. शहरावर विमाने येत होती आणि लोक तग धरून होते, हे त्यांनी स्वतः पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनला निघाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. जपानी विमानांच्या माऱ्याखालच्या हांकौमध्ये त्यांनी जखमींवर उपचार केले. ते शहर पडले, पण चीन शरण गेला नाही. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. दूएचा सिद्धांत खरा असता, तर त्यांच्यासमोर तो तेव्हाच सिद्ध व्हायला हवा होता.

लोहगाव, खडकी, देहूरोड

१९३९ साली पुण्याजवळ लोहगावला ब्रिटिश हवाई दलाचा तळ उभा राहिला. त्याचे एक काम होते मुंबईचे आकाश राखणे. पुणे हे दक्षिण विभागाच्या लष्करी मुख्यालयाचे गाव. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. १९४० साली त्याच्या शेजारी उच्च स्फोटकांचा कारखाना आला आणि महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराची मोठी कोठारे उभारली गेली. सह्याद्रीच्या आड, पण मुंबई बंदराशी लोहमार्गाने जोडलेली ही जागा लष्कराच्या दृष्टीने सोयीची होती. पिंपरी आणि चिंचवड तेव्हा पवनेकाठची गावे होती. तिथे औद्योगिक नगरी व्हायला अजून दीड-दोन दशके होती, पण तिच्या दोन्ही टोकांना युद्धाने आपली ठाणी आधीच मांडली होती.

अशा ठाण्याभोवती वस्ती येतेच. देहूरोडच्या डेपोने कामगार आणले, कामगारांनी घरे आणि संस्था आणल्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कोठारापासून हाकेच्या अंतरावर माणसे राहतात, पूजाअर्चा करतात, मुले शाळेत धाडतात. दूए आणि ट्रेंचर्ड यांच्या शिकवणीत ही वस्ती कारखान्याचाच भाग ठरते. कामगाराची झोप मोडली तरी उत्पादन घटते, मग त्याचे घर लक्ष्य का नसावे, असा त्यांचा तर्क. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही या तर्काचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मुंबईत तोवर हवाई हल्ल्यापासून बचावाची तयारी सुरू झाली होती. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘एआरपी’ असेच होते. वॉर्डन नेमले गेले. इमारतींच्या दारांपुढे आडभिंती उठल्या, जिन्यांखाली वाळूच्या बादल्या आल्या, खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटले, रस्त्यावरच्या दिव्यांना आणि मोटारींना टोप्या चढल्या. भोंग्याची चाचणी होऊ लागली. १९४१ साली व्हाइसरॉयच्या मंडळात नागरी संरक्षणासाठी वेगळे खाते निघाले. ते आधी सांभाळले मध्य प्रांताच्या राजकारणातले मुरलेले गृहस्थ ई. राघवेंद्र राव यांनी. साधने होती, माणसे होती, हुकूमही होते. या सगळ्याला आधार देणारी एक गोष्ट मात्र कमी होती, आणि ती रंगूनमध्ये उघडी पडली.

रंगूनची बातमी

२३ डिसेंबर १९४१च्या सकाळी जपानी विमाने रंगूनवर आली. लोक घरांतून बाहेर येऊन रस्त्यावर उभे राहून आकाशाकडे पाहत होते. आसरा कुठे घ्यायचा हे त्यांना कोणी नीट शिकवलेच नव्हते. त्या दिवशी आणि पुन्हा २५ तारखेला मिळून हजाराहून अधिक माणसे मेली. रंगून हे त्या काळी मोठ्या प्रमाणात भारतीयांचे शहर होते. गोदीतले हमाल, सफाई कामगार, कारकून, दुकानदार बहुतेक हिंदुस्थानी. ते निघाले आणि शहराचा गाडा थांबला. पुढच्या काही महिन्यांत लाखो भारतीय ब्रह्मदेशातून मायदेशी आले. त्यांतले कित्येक आराकान आणि मणिपूरच्या वाटांनी चालत आले आणि हजारो वाटेतच मेले.

वरवर पाहता इथे बॉम्बने धीर मोडला असे दिसते. नीट पाहिले तर चित्र वेगळे आहे. त्याच डिसेंबरात पेनांगहून इंग्रजांनी आपली माणसे गुपचूप हलवली होती आणि आशियाई रहिवाशांना मागे सोडले होते. ब्रह्मदेशातून बाहेर पडतानाही गोऱ्यांना वाहने आणि चांगली वाट, काळ्यांना पायवाट, अशीच सर्वांची समजूत झाली. रंगूनचा हमाल स्फोटाच्या आवाजाने हादरला हे खरे. पण तो पळाला, कारण संकटात आपला वाली कोणी नाही हे त्याला कळले होते. हीच गोष्ट परतलेल्यांनी कलकत्त्यात, मद्रासेत, मुंबईत घरोघरी सांगितली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, माणसांच्या तोंडावर नव्हता.

म्हणून १९४२च्या पहिल्या महिन्यांत बॉम्बआधीच घबराट पोचली. लोकांनी पोस्टातल्या बचती काढल्या, नोटांऐवजी चांदी आणि नाणी साठवली, सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाडा यांवर जपानी विमानांनी हल्ला केला. आंध्र किनाऱ्यावर मोजकीच माणसे दगावली, पण जपानी आरमार येत असल्याची चुकीची खबर मानून मद्रास सरकारने आपल्या कचेऱ्याच आतल्या भागात हलवल्या. सरकारच गाव सोडते म्हटल्यावर सामान्य माणसाने कोणाच्या भरवशावर थांबावे?

या काळात गांधीजींनी ‘हरिजन’मधून दिलेला सल्ला साधा होता. ज्यांचे शहरात काम नाही त्यांनी वेळीच, शांतपणे खेड्यात जावे. ज्यांचे काम आहे त्यांनी जागेवर राहावे. भिऊन मात्र कोणी पळू नये. नागरी संरक्षणाचे आजचे शास्त्रही याहून फारसे वेगळे सांगत नाही. मुले, वृद्ध, आजारी यांना आधी हलवा, आवश्यक कामगारांना थांबवा आणि सगळ्यांना खरे काय ते सांगा. पण सल्ला देणारा महात्मा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आगाखान पॅलेसात स्थानबद्ध झाला. तिथून लोहगावचा तळ काही मैलांवर होता.

आकड्यांची लढाई

लंडनमधल्या हिशेबाला तिथल्याच शास्त्रज्ञांनी हरकत घेतली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. लिंडमन यांच्या टिपणाला आधार होता हल आणि बर्मिंगहॅम या बॉम्बग्रस्त शहरांच्या पाहणीचा. ती पाहणी सॉली झुकरमन आणि जे. डी. बर्नाल यांनी केली होती. तिचा निष्कर्ष असा की दोन्ही शहरांत लोकांचे मनोधैर्य ढासळल्याचा पुरावा नाही. लिंडमन यांनी पडलेल्या घरांचे आकडे घेतले आणि त्यातून धीर मोडेल असा उलटाच अर्थ काढला. हेन्री टिझर्ड यांनी हिशेब तपासून सांगितले की पडणाऱ्या घरांचा अंदाज पाचपट फुगवलेला आहे. नौदलाच्या संशोधन विभागातले भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या मते तो सहापट फुगला होता. ही विमाने शहरांवर पाठवण्याऐवजी अटलांटिकवर पाणबुड्यांच्या शोधाला लावली, तर जहाजे वाचतील, अन्न येईल आणि युद्ध लवकर संपेल, असे ब्लॅकेट यांचे म्हणणे होते.

त्यांचे कोणी ऐकले नाही. शहरांवर बॉम्ब टाकण्याचा आदेश १४ फेब्रुवारीलाच निघाला होता आणि आठवड्याभरात हॅरिसने सूत्रे हाती घेतली होती. टिपणामुळे त्या धोरणाला शास्त्राचा शिक्का मिळाला.

ब्लॅकेट यांचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते आपल्या इतिहासात येते.

उपाशी गावे, भरलेली शहरे

कलकत्त्यावर २० डिसेंबर १९४२ रोजी पहिला हल्ला झाला. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले, कचरा रस्त्यावर साचला. सरकारला धसका बसला तो कारखान्यांचा. गिरण्या आणि गोदीतला मजूर पळाला तर युद्धाचा पुरवठा थांबेल, म्हणून त्याला रोखून धरण्यासाठी मालकांच्या मदतीने स्वस्त धान्य पुरवले गेले. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरून नावा आणि तांदूळ आधीच उचलले होते. शहर टिकले, खेडी रिकामी झाली. १९४३च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. दुष्काळाची कारणे अनेक आहेत, पण शहरी कामगाराचे मनोधैर्य सांभाळण्याची ही एकांगी चिंता त्यांतले एक आहे. जपानी बॉम्बने मेलेल्या कलकत्तेकरांची संख्या या मृत्यूंपुढे फारच लहान आहे. मनोधैर्य ही केवळ कामगारांना कामावर ठेवण्याची युक्ती मानली, की जे कामाचे नाहीत त्यांचा जीव हिशेबातून गळतो.

मुंबईने मे १९४३मध्ये शिधावाटप सुरू केले. श्रीमंताला आणि चाळकऱ्याला ठरलेल्या मापाने धान्य मिळेल अशी ती व्यवस्था होती. तिच्यात खोट असेल, पण लोकांनी ती स्वीकारली. शहराला धीर देण्याचे काम आडभिंतींपेक्षा या रेशनकार्डाने अधिक केले, असे मला वाटते.

१४ एप्रिल १९४४

मुंबईवर जपानी बॉम्ब कधीच पडले नाहीत. पण शहराने बॉम्बफेकीइतका संहार पाहिला, तोही एका दुपारी.

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, त्यांच्याजवळच कराचीहून घेतलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटांच्या पेट्या. १४ तारखेच्या दुपारी कापसाने पेट घेतला. बंबवाले पाणी मारत राहिले, पण आग सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. गोदीतली जहाजे फुटली, मांडवी आणि मशीद बंदराच्या वस्त्यांवर जळते लोखंड आणि कापूस बरसला, धान्याची गोदामे भस्म झाली. आठशेहून अधिक माणसे मेली. काही अंदाज तेराशेपर्यंत जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले.

पहिल्या तासांत बहुतेकांना जपान्यांनी हल्ला केला असेच वाटले. सरकार काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने बातमी दिली. ज्या शहराने प्रेते उचलली, त्याच शहराच्या वृत्तपत्रांना ती सविस्तर छापायची परवानगी मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडल्यावर मिळाली. आपल्या घरावर काय कोसळले हे मुंबईकराने शत्रूच्या रेडिओवरून ऐकावे, याहून मोठी नामुष्की कोणत्या सरकारची असेल?

आणि तरीही शहर मोडले नाही. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली, पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोद्या पुन्हा चालू झाल्या. लिंडमन यांच्या सूत्रानुसार ८० हजार बेघरांच्या शहराने हाय खायला हवी होती. मुंबई कामाला लागली. १९४२ साली ज्या शहरातून न पडलेल्या बॉम्बच्या भीतीने लोक गेले, तेच शहर १९४४ साली खऱ्या स्फोटातून सावरले. संकट डोळ्यांपुढे होते आणि हातांना करण्यासारखे काम होते, म्हणून ते सावरले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो, तो त्या ६६ जवानांच्या स्मरणात.

हिशेबाचा निकाल

युद्ध संपल्यावर अमेरिकेने बॉम्बफेकीच्या परिणामांची प्रचंड पाहणी केली. जर्मनीत सुमारे तीन लाख नागरिक मेल्याचा आणि ७५ लाख बेघर झाल्याचा अंदाज त्यात आला. तरी जर्मनीचे शस्त्रोत्पादन १९४४च्या मध्यापर्यंत वाढतच गेले होते. लोक खचले होते, थकले होते, पण कामावर जात होते. अतिशय बॉम्ब पडलेल्या शहरांतली निराशा मध्यम प्रमाणात बॉम्ब पडलेल्या शहरांपेक्षा फारशी जास्त नव्हती. लिंडमन यांचा घरांचा अंदाज तर दहापट चुकला होता. ब्रिटिश बॉम्बर दलाचे ५५ हजारांहून अधिक वैमानिक आणि सहकारी या मोहिमेत मेले.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बॉम्बफेकीमुळे जर्मनीच्या तोफा आणि लढाऊ विमाने पूर्व आघाडीवरून घरी परतली, तेलाच्या कारखान्यांवरचे आणि रेल्वेवरचे हल्ले निर्णायक ठरले, हे इतिहासकार मान्य करतात. पण ते यश नेमक्या लक्ष्यांचे होते. झोपडी-चाळी जाळून राष्ट्राची इच्छाशक्ती जळते, हा मूळ दावा टिकला नाही. टोकियोत ९-१० मार्च १९४५च्या एका रात्री सुमारे एक लाख माणसे जळून मेली आणि युद्ध त्यानंतर पाच महिने चालले.

जानेवारी १९४७मध्ये विज्ञान परिषदेसाठी ब्लॅकेट दिल्लीला आले. नेहरूंनी त्यांना स्वतंत्र भारताच्या संरक्षणविज्ञानाची आखणी करायला सांगितले. १९४८ साली त्यांनी अहवाल दिला, त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी डॉ. दौलतसिंह कोठारी संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. १९५२ साली खडकीला शस्त्रास्त्र अभ्यासाची संस्था निघाली, जी पुढे गिरीनगरला गेली. मग पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची प्रयोगशाळा आली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि युद्धात सैनिकांचे प्राण वाचवणारे पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. घरांवर बॉम्ब टाकण्याच्या हिशेबाला ज्याने आकड्यांनी उत्तर दिले, त्या माणसाचा हात भारतीय संरक्षणविज्ञानाच्या पायाभरणीला लागला, याचे मला विशेष वाटते.

पुण्याची कॅनबेरा विमाने

१९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धात लोहगावच्या ३५व्या स्क्वाड्रनची कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने रात्रीच्या अंधारात कराचीच्या दिशेने उडाली. मुंबई-पुणे पट्ट्यात ब्लॅकआउट होता. एव्हाना आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को उभे होते आणि १९७०मध्ये स्थापन झालेली पिंपरी-चिंचवड नगरपालिका नवखी होती. आता या पट्ट्याच्या वाट्याला दोन्ही भूमिका आल्या होत्या. इथून बॉम्ब जात होते आणि इथे ते पडू शकत होते.

त्या युद्धात भारतीय हवाई दलाने विमानतळ, तेलसाठे, रेल्वे, रडार अशी लक्ष्ये निवडली. शहराची घबराट हे उद्दिष्ट ठेवले नाही. कराचीत आणि ढाक्यात नागरिकही मेले, हे विसरता येत नाही, कारण बॉम्बची अचूकता कागदावर असते तितकी जमिनीवर नसते. पण मनोधैर्यावर जो एक हल्ला खरोखर परिणामकारक ठरला, त्याचे लक्ष्य वस्ती नव्हती. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसमध्ये बैठक होणार असल्याचे कळले आणि मिग-२१ विमानांनी ती इमारत हेरून मारा केला. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी तळघरात बसून राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी शरणागती झाली. युद्ध चालवणाऱ्यांचा धीर सुटला, त्यासाठी ढाका जाळावे लागले नाही.

त्याच युद्धात महावीर चक्र मिळवणारे रमेश सखाराम बेनेगल यांचे आयुष्य या साऱ्या कालखंडावर पसरलेले आहे. जन्म रंगूनचा, १९२६ सालचा. शहरावर बॉम्ब पडले तेव्हा वय शाळकरी. पुढे नेताजींनी प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलेल्या छात्रांत त्यांची निवड झाली आणि अमेरिकी विमाने जपानी शहरे जाळत होती त्या काळात ते तिथे होते. स्वतंत्र भारतात ते हवाई दलात आले आणि १९७१मध्ये कॅनबेरांच्या टेहळणी स्क्वाड्रनचे नेतृत्व करत शत्रूच्या ठाण्यांची छायाचित्रे आणत होते. अचूक लक्ष्य निवडायचे तर आधी अचूक माहिती लागते, आणि ती आणण्यासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला.

आजचा पट्टा

७ मे २०२५ या दिवसासाठी देशातल्या नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव जाहीर झाला. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत पुण्यासोबत पिंपरी-चिंचवडचे नाव वेगळे होते. २०११च्या जनगणनेत सव्वासतरा लाख लोकवस्तीचे हे शहर, पलीकडे चाकणचे मोटारींचे कारखाने, अलीकडे देहूरोड आणि खडकीची कोठारे, माथ्यावर लोहगाव. सरहद्दीपासूनच्या अंतराने पूर्वी जो दिलासा मिळे, तो क्षेपणास्त्रे आणि ड्रोनच्या काळात कमी झाला आहे. त्याच आठवड्यात काही दूरचित्रवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या दिल्या. १९४४मध्ये सरकारचे मौन होते आणि सायगावचा रेडिओ होता. २०२५मध्ये कानठळ्या बसवणारा गलका होता. खरे काय हे लोकांना कळू नये, एवढाच दोन्हींचा परिणाम.

रंगून, मुंबई, कलकत्ता आणि ढाका यांचा इतिहास एकत्र वाचला, तर नागरिकांचे मनोधैर्य कशावर टिकते याचे उत्तर धूसर राहत नाही. संकटाची खरी माहिती वेळेवर मिळणे, सोय आणि शिधा सर्वांना सारखा मिळणे, अधिकाऱ्यांनी आधी न पळणे आणि प्रत्येकाच्या हाताला ठरलेले काम असणे, हे ते चार आधार. भोंगा आणि ब्लॅकआउट त्यांच्या नंतर येतात. म्हणून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सराव होईल तेव्हा तो फक्त कायम कामगारांपुरता राहू नये. कंत्राटी मजूर, परप्रांतातून आलेली आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे, हिंदी किंवा ओडिया बोलणारा सुरक्षारक्षक यांनाही आसरा कुठे, बातमी कुठून, पाणी कुठे हे त्यांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. रंगूनचा हमाल ज्या कारणासाठी शहर सोडून गेला, ते कारण इथल्या कोणाच्याही वाट्याला येऊ द्यायचे नाही.

आणि जो देश बॉम्ब बाळगतो, त्याच्या नागरिकांवर आणखी एक जबाबदारी आहे. शत्रूच्या शहरातली घरे पाडा, म्हणजे ते वठणीवर येतील, अशी हाक युद्धाच्या तापात सहज उठते. ती ऐकू आली की तिला विरोध केला पाहिजे, कारण ती निर्दय आहे आणि शंभर वर्षांच्या अनुभवाने खोटीही ठरली आहे. आपल्या चाळीतला माणूस बॉम्बने मोडत नाही असा विश्वास आपल्याला वाटत असेल, तर पलीकडच्या चाळीतला माणूसही तसाच आहे हे मान्य करण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे.